अलास्का: दोघांसाठी जमीन आणि समुद्र मिळून सहल, विदर्भातून आखणी कशी करावी?

वरुड_बागायती

रामराम मंडळी. नवरा-बायको दोघेच, पन्नाशी ओलांडलेली. अलास्काची अशी सहल पाहून राहिलो की ज्यात अर्धे दिवस जहाज अन् अर्धे दिवस रेल्वे, जंगल, बर्फ. एजंटनं तीन पत्रकं पाठवली. तिन्हीत फोटो तेच, व्हिसाबद्दल एक ओळ नाही.

अडचणी अशा. बाग संत्र्याची, मृग बहाराची (पावसावर फुलणारी), बाकी कपाशी-तूर, म्हणजे पाऊस पडला की गाव सोडता येत नाही. दोघंही शाकाहारी. बायकोचे गुडघे दुखतात, चढ जमत नाही. आधी जहाज की आधी जमीन? कॅनडाचा व्हिसा लागतोच का? कोणता महिना? प्रवासवर्णनं नंतर वाचू, इथं फक्त हिशेब पाहिजे.

पैनगंगाकाठ

भाऊ, महिना नंतर. आधी व्हिसा, कारण सहलीचा नकाशा त्याच्यावरच ठरतो.

अलास्काला जाणारी बहुतेक सगळी मोठी जहाजं बहामा, बर्म्युडा, नेदरलँड्स अशा परदेशी झेंड्याखाली नोंदवलेली आहेत. अमेरिकेत १८८६ चा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याचं जहाज अमेरिकेच्या एका बंदरातून प्रवासी घेऊन थेट अमेरिकेच्याच दुसऱ्या बंदरात सोडू शकत नाही. त्यामुळे मुख्य मार्ग तीन उरतात:

– सिॲटल ते सिॲटल, मध्ये कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबा.
– व्हँकुव्हर ते व्हँकुव्हर.
– व्हँकुव्हर ते व्हिटियर किंवा स्यूअर्ड, म्हणजे एकेरी. जमीन जोडायची असेल तर हाच, कारण तिथून रेल्वेनं थेट डेनाली या राष्ट्रीय उद्यानाकडे जाता येतं. उलट दिशेनंही हीच जहाजं असतात.

तिन्ही मार्गांत कॅनडा येतोच. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असला तरी कॅनडाचा वेगळा लागतो. सिॲटलवाल्या जहाजाचा व्हिक्टोरियाचा थांबा बहुतेक रात्रीचा, काही तासांचा असतो. "आम्ही उतरणारच नाही" हे कारण चालत नाही. व्हिसा नसेल तर सिॲटलच्या धक्क्यावरूनच परत फिरावं लागतं आणि पैसे बुडतात. एजंट हे सांगत नाहीत, कारण त्यांचं बहुतेक गिऱ्हाईक आधीच अमेरिकेत राहणाऱ्या मुलांकडे आलेलं असतं.

शुल्क: अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाच्या अर्जाचे माणशी १८५ डॉलर. कॅनडाचा माणशी १०० कॅनेडियन डॉलर, शिवाय बोटांच्या ठशांचे ८५. म्हणजे ठशांचे दोघांचे मिळून १७०. आधी अमेरिकेचा अर्ज टाका, कारण मुलाखतीच्या तारखेलाच जास्त वेळ लागतो. ठसे एका दिवशी आणि मुलाखत दुसऱ्या दिवशी असते, म्हणून मुंबईत मुक्कामाची सोय धरा. मुलाखत मराठीतून मागता येते, उगाच मोडक्या इंग्रजीत देऊ नका.

गाविलगड

शेतकऱ्याच्या कागदांबद्दल थोडी भर. नोकरदाराचं पगारपत्रक असतं, आपलं नसतं. म्हणून खालील गठ्ठा तयार ठेवा:

सातबारा अन् ८-अ. मागच्या तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी विवरणपत्रात दाखवलेलं पाहिजे, नाहीतर कागदावर तुमची कमाई शून्य दिसते. बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या, जिनिंगच्या पावत्या. बँकेचं सहा महिन्यांचं खाते-विवरण.

घोळ होतो तो एकाच ठिकाणी. बगीचा व्यापाऱ्याला विकला की मोठी रक्कम एकदम खात्यात येते. बाहेरच्या माणसाला ते पैसे उसने आणून भरल्यासारखे दिसतात. त्या नोंदीसोबत व्यापाऱ्याचा लेखी सौदा जोडा आणि पैसे बँकेमार्फतच घ्या. कॅनडाच्या अर्जाला मराठी कागद तसेच चालत नाहीत. सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं शपथपत्र, दोन्ही जोडून चढवायचं. अमेरिकेच्या मुलाखतीत बहुतेक वेळा फाइल उघडायलाही सांगत नाहीत. तिथं तोंडी उत्तर थोडक्यात आणि अर्जाशी जुळणारं पाहिजे.

सातपुडा_पायथा

कॅनडा पूर्ण टाळूनही जमीन आणि समुद्र दोन्ही होतात, ते कोणी सांगत नाही म्हणून लिहून राहिलो.

सिॲटल किंवा अमेरिकेतल्या दुसऱ्या शहरावरून विमानानं थेट अँकरेज. तिकीट काढताना मध्ये टोरंटो-व्हँकुव्हर येत नाही ना, तेवढं पाहा. नाहीतर तिथं नुसतं विमान बदलायलाही कॅनडाची परवानगी लागते. अँकरेजहून स्यूअर्डला रेल्वे, ११४ मैल, चार तासांच्या आसपास. स्यूअर्डहून केनाई फ्योर्ड्स नॅशनल पार्कची दिवसभराची बोट. सहा तासांची फेरी एखाद्या हिमनदीच्या तोंडापर्यंत जाते. आठ-साडेआठ तासांची नॉर्थवेस्टर्न फ्योर्डवाली फेरी लांब आहे आणि उघड्या समुद्राचा टप्पा जास्त असल्यानं मळमळही जास्त. तिसरा पर्याय व्हिटियरहून प्रिन्स विल्यम साउंडची बोट. ते पाणी डोंगरांनी झाकलेलं असल्यानं हलत नाही. गुडघे आणि पोट दोन्हीचा विचार केला तर मी व्हिटियर निवडेन.

व्हिटियरला रस्त्यानं जायचं तर अँटन अँडरसन बोगदा लागतो. अडीच मैल, एकच लेन, आणि त्याच लेनमधून रेल्वेही जाते. दिशा अर्ध्या-अर्ध्या तासानं बदलते. तुमची पाळी चुकली की बोटही चुकते, म्हणून तासभर आधी पोचायचं.

सरकारी फेरीसेवाही आहे, अलास्का मरीन हायवे, १९६३ पासूनची. अमेरिकन झेंडा असल्यानं वरचा कायदा आडवा येत नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमहून निघते आणि मध्ये कॅनडाला न थांबता ३८ तासांच्या आसपास अलास्कातल्या केचिकन बंदराला पोचते. लोक उघड्या डेकवर तंबू लावून झोपतात, खुंट्या ठोकता येत नाहीत म्हणून चिकटपट्टीनं. केबिन मर्यादित, फेऱ्या थोड्या. तरुण जोडप्याला झकास. तुम्हाला नको.

वरुड_बागायती

म्हणजे कॅनडाचा व्हिसा काढायचा तर व्हँकुव्हर-व्हिटियर, नाही काढायचा तर अँकरेजहून बोटी. आम्ही दोन्ही व्हिसे काढू. आता महिना सांगा.

गाविलगड

मृग बहार असेल तर मे. बाग तेव्हा ताणावरच असते, पाणी बंद. गेले काय अन् राहिले काय. आंबिया बहार (हिवाळ्याअखेर फुलणारा) असता तर मी नाही म्हटलं असतं, मे महिन्यात पाण्याची एक पाळी चुकली की फळगळ.

अलास्कातला हंगाम मेच्या पूर्वार्धापासून सप्टेंबरपर्यंत. अँकरेज ते फेअरबँक्स धावणारी उन्हाळी रेल्वे मेच्या मध्यावर सुरू होते, डेनालीच्या आतल्या बसेस साधारण २० मेपासून. म्हणून आधी जहाज धरलं तर १४-१५ मेला व्हँकुव्हर सोडून जमिनीचा भाग २२ मेनंतर येतो. ५ जूनच्या आत घरी. आपल्याकडे पेरणीजोगा पाऊस त्याच्याआधी क्वचितच होतो.

मेचे फायदे: दक्षिण-पूर्व अलास्कात पाऊस त्यातल्या त्यात कमी. डास अजून उठलेले नसतात, जून-जुलैत ते तिथं आपल्या धानपट्ट्यालाही मागं टाकतात. डोंगरांवर बर्फ खालपर्यंत. भाडं कमी. तोटे: सामन मासे नद्यांत चढलेले नसतात, ते जुलै-ऑगस्टचं काम, म्हणून ओढ्यावर मासे पकडणारी अस्वलं दिसणार नाहीत. डेनालीत हिरवळ नसते, सगळं तपकिरी. ध्रुवीय प्रकाशही नाही, कारण रात्रच होत नाही. त्याच्यासाठी ऑगस्टचा शेवट किंवा सप्टेंबरचं फेअरबँक्स. पण तेव्हा कपाशीवर फवारणी, बोंडअळी आणि पोळा. शिवाय सप्टेंबरात जहाजाच्या बाजूला पाऊस झोडपतो.

धामणगाव_पॅसेंजर

आधी जहाज? मी उलट सांगेन. आधी जमीन, मग जहाज. जमिनीच्या भागात रोज सकाळी सहाला बॅगा दाराबाहेर, साडेसातला बस, दर एक-दोन रात्रींनी नवं हॉटेल. जहाजावर एकदा बॅग रिकामी केली की सात दिवस बघायला नको. दगदग आधी उरकावी, आराम शेवटी.

पैनगंगाकाठ

एरवी तुमचंच बरोबर. पण इथं दोन गोष्टी आडव्या येतात. एक, वरची तारीख. मेच्या मध्याला आधी जमीन घेतली तर डेनालीच्या बसेस सुरू व्हायच्या आत तुम्ही तिथून निघालेले असाल. दोन, वेळेतला फरक. उन्हाळ्यात अलास्का आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागं. पहिले तीन-चार दिवस दुपारी दोनला डोळे मिटतात आणि रात्री तीनला टक्क उघडतात. असा माणूस आठ तासांच्या रेल्वेत बसला तर खिडकीबाहेर काय गेलं ते त्याला कळत नाही. जहाजावर झोप आली की झोपायचं.

एकच अट. व्हँकुव्हरला जहाजाच्या किमान दोन दिवस आधी पोचायचं. नागपूरहून निघून दिल्ली किंवा मुंबई, मग पुढचं लांब विमान, यात एखादा सांधा निसटतोच आणि जहाज थांबत नाही. विमानतळावरून शहराची मेट्रो वॉटरफ्रंट स्टेशनला अर्ध्या तासाच्या आत आणते. जहाजाचा धक्का, कॅनडा प्लेस, तिथंच शेजारी. अमेरिकेची पासपोर्ट-तपासणी याच धक्क्यावर, जहाजात चढण्याआधी होते. म्हणून दुपारच्या गर्दीत तिथं तास-दीड तास उभं राहावं लागतं. चढतानाच व्हीलचेअरची मदत लागेल असं बुकिंगच्या वेळी लिहून द्या. गुडघे दुखतात एवढं कारण पुरतं.

वर्धाकाठची_ताई

कपड्यांचं कोणीच बोललं नाही. वरुडच्या ४४-४५ मधून निघून जूनोच्या ८-१२ मध्ये उतरायचं आहे, बाप्पा.

कपाशी पिकवणाऱ्याला हे सांगायला जिवावर येतं, पण तिथं अंगाला कापूस नको. सुती कापड पाणी धरून ठेवतं, वाळत नाही आणि ओलं असताना अंगातली ऊब ओढून घेतं. जीन्सही त्यातच आली. तीन थर करा: आत पॉलिस्टर किंवा मेरिनो लोकरीचं घट्ट थर्मल, मध्ये फ्लीस (मऊ, उबदार कृत्रिम कापड), वर टोपीवालं जलरोधक जॅकेट. थंडी कमी झाली की मधला थर काढायचा. फवारणीचा किंवा मोटारसायकलचा प्लास्टिक रेनकोट नेऊ नका. बाहेरचं पाणी अडतं, पण आतला घाम तिथंच राहतो आणि अर्ध्या तासात माणूस आतून ओला. जाड एकच जॅकेट नेण्यापेक्षा तीन पातळ थर बरे. बसमध्ये हीटर, बाहेर वारा, असं दिवसभर चालतं.

माणशी: थर्मलचे दोन जोड, फ्लीस एक, जॅकेट एक, पाणी झटकणाऱ्या कापडाच्या पँट दोन, लोकरी मोजे चार जोड, कानटोपी, हातमोजे. छत्रीचा उपयोग नाही, वारा उलटी करतो. बुटाचा तळ खाचांचा हवा, कारण केचिकनची क्रीक स्ट्रीट म्हणजे ओढ्यावर खांबांनी उचललेला लाकडी रस्ता आहे आणि तिथं वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ओली फळी निसरडी असते. साडी नेसायची तर जहाजातल्या जेवणाच्या हॉलपुरती. उतरण्याच्या जिन्यावर काठ भिजतो आणि पायात येतो.

थर्मल आणि फ्लीस हिवाळ्यातच घेऊन ठेवा, नागपूर-अमरावतीला तिबेटी बाजार लागतो तेव्हा. एप्रिलमध्ये विदर्भात स्वेटर शोधणं म्हणजे दुकानदाराची करमणूक.

वरुड_बागायती

ताई, हे छापून घेतो. जहाजात खोली कोणती घ्यावी? समुद्र लागतो का?

पैनगंगाकाठ

व्हँकुव्हर ते स्कॅगवे हा इनसाइड पॅसेज. बाहेरच्या बाजूला बेटांची रांग, त्यामुळे पाणी बहुतांशी शांत. फक्त क्वीन शार्लट साउंडजवळ काही तास उघडा समुद्र लागतो. ग्लेशियर बे (हिमनद्यांची खाडी) सोडून व्हिटियरकडे जाताना अलास्काचं आखात ओलांडावं लागतं. लाटा तिथं.

खोली जहाजाच्या मध्यावर आणि शक्य तितक्या खालच्या मजल्यावर. पुढच्या-मागच्या टोकाला आणि वरच्या मजल्यांवर हेलकावा सर्वांत जास्त. 'गॅरंटी' नावाची स्वस्त खोली घेतली तर जागा कंपनी ठरवते, म्हणून मळमळणाऱ्यांनी ती घेऊ नये. गोळी त्रास सुरू होण्याआधी घ्यायची, नंतर पोटात टिकत नाही. कोणती घ्यायची ते डॉक्टरांना विचारून, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर. आलेपाक जवळ ठेवा. नजर क्षितिजावर, मोबाइलवर नाही.

बाल्कनी घ्यावी का? या एका मार्गावर हो. उत्तरेकडे जाताना जमीन उजवीकडे असते, म्हणून उजव्या बाजूची. हिमनदीपुढं जहाज स्वतः गोल फिरतं, तिथं बाजूचा प्रश्न नाही.

मार्ग निवडताना पत्रकात 'ग्लेशियर बे नॅशनल पार्क' हे पूर्ण नाव आहे ना पाहा. तिथं दिवसाला फक्त दोन मोठ्या जहाजांना परवानगी असते, त्यामुळे प्रत्येक कंपनीला मिळत नाही. नुसतं 'हिमनदी दर्शन' लिहिलं असेल तर दुसरी कोणतीतरी. हबर्ड ही हिमनदी आकारानं भलीमोठी, पण मेमध्ये तिच्या पुढ्यात तरंगता बर्फ इतका असतो की जहाजाला बऱ्याचदा लांबूनच वळावं लागतं.

टिपेश्वर_माळ

ग्लेशियर बेच्या दिवसाबद्दल.

जहाज धक्क्याला लागत नाही, कोणी उतरत नाही. सकाळी पार्कचे रेंजर छोट्या बोटीतून येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर ध्वनिक्षेपकावर माहिती सांगतात. खाडीच्या तोंडापासून टोकापर्यंत ६५ मैल. १७९४ मध्ये इंग्रजी जहाजं इथून गेली तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच, बर्फ तोंडापर्यंत होता. १८७९ ला निसर्ग-अभ्यासक जॉन म्यूर आले तोवर तो ४० मैलांहून अधिक मागं सरकला होता. म्हणून आत शिरताना किनारा वाचता येतो: तोंडाजवळ दाट जंगल, मग नुसती झुडपं, मग उघडा खडक. जितकं आत जाल तितकी जमीन बर्फातून अलीकडे मोकळी झालेली.

टोकाला मार्जरी हिमनदी, रुंदी मैलभर, पाण्यावरची भिंत ७५ मीटरच्या आसपास. तिच्या शेजारी ग्रँड पॅसिफिक, ती दगड-मातीनं इतकी झाकलेली की बर्फ आहे हेच कळत नाही. जहाज भिंतीपासून साधारण ४०० मीटरवर थांबतं आणि हळूहळू गिरकी घेतं. कडा कोसळण्याआधी बहुतेक वेळा भिंतीवरून बारीक पांढरा भुगा झरतो. त्या जागी नजर लावून बसा. मग खालचा तुकडा सुटतो, पाणी उसळतं आणि एका सेकंदानंतर आवाज पोचतो. आवाज ऐकून मान वळवली तर पडणं संपलेलं असतं. निळा रंग दाट बर्फाचा. आतली हवा दाबानं निघून गेलेली असते आणि असा बर्फ प्रकाशातला लाल भाग शोषतो. नुकत्याच तुटलेल्या जागी निळा सर्वांत गडद, काही दिवसांत तिथं पांढरट पापुद्रा येतो.

दुर्बीण ८×४२ ची. १० पटीची घेऊ नका, जहाजाच्या इंजिनाची थरथर तिच्यात दिसते. आणि दोघांना दोन.

धामणगाव_पॅसेंजर

बंदरांचं थोडक्यात, गुडघे धरून.

केचिकन: टोटेम खांब (मूळ रहिवाशांचे कोरीव लाकडी खांब), गाव सपाट, पायी होतं. जूनो: राज्याची राजधानी, पण बाहेरून एकही रस्ता येत नाही, विमान किंवा बोट. मेंडेनहॉल हिमनदी गावापासून १९ किलोमीटर. बसनं जाता येतं, समोरच्या दर्शनाच्या ओट्यापर्यंत चढ नाही. देवमासे बघायला ऑक बे या धक्क्यावरून बोटी सुटतात. मेमध्ये हम्पबॅक हवाईहून परतलेले असतात. हेलिकॉप्टरनं हिमनदीवर उतरण्याची सहल ढगांमुळे वारंवार रद्द होते. पैसे परत मिळतात, पण दिवस जातो, म्हणून त्याला पर्याय मनात ठेवा.

जहाजातून उतरायच्या फळीचा उतार रोज वेगळा असतो. तिकडं भरती-ओहोटीत पाणी पाच-सहा मीटर वरखाली होतं. सकाळी सपाट वाटलेली फळी दुपारी छातीवर येते. दारावर कोणत्या वेळी उतार कमी असेल ते विचारलं की सांगतात.

आता स्कॅगवे. इथं व्हाइट पास रेल्वे चुकवू नका. १८९८ ते १९०० मध्ये क्लोंडाइकच्या सोन्यासाठी बांधलेली, तीन फुटी रूळ म्हणजे ९१४ मिलिमीटर. आपली यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर शकुंतला ७६२ ची, तिच्यापेक्षा थोडी रुंद. वीस मैलांत समुद्रसपाटीपासून २,८६५ फूट चढते. ती चालते आहे आणि आपली रुळांवर गवत घेऊन पडली आहे, असो. चढताना डावीकडची बाजू दरीची. पण शिखरावर इंजिन दुसऱ्या टोकाला लागतं, बाकांच्या पाठी उलटतात आणि लोकांना बाजू बदलायला सांगतात, त्यामुळे भांडण करायचं कारण नाही. शिखरावरून तशीच परत येणारी फेरी घेतली तर कुठं उतरावं लागत नाही. फ्रेझर किंवा कारक्रॉसपर्यंत जाणारी फेरी, तसंच युकॉनच्या बससहली कॅनडात उतरवतात. तिथं पासपोर्ट बरोबर पाहिजे आणि कॅनडाचा व्हिसा अनेक प्रवेशांचा पाहिजे. तो खोलीतल्या तिजोरीत ठेवून निघालात की पंचाईत.

सहल जहाजाकडूनच घेतली आणि उशीर झाला तर जहाज थांबतं. बाहेरून स्वस्तात घेतली तर थांबत नाही. जूनोत बाहेरून घ्यायला हरकत नाही, वेळ भरपूर असतो. रेल्वे मात्र जहाजाकडून.

टिपेश्वर_माळ

डेनाली. इथं ताडोबाच्या सवयी विसराव्या लागतात.

पार्कचं क्षेत्र २४ हजार चौरस किलोमीटरच्या वर आणि रस्ता एकच, ९२ मैलांचा. खासगी गाडी पहिल्या १५ मैलांपर्यंत, पुढं फक्त बस. ऑगस्ट २०२१ मध्ये प्रिटी रॉक्स इथली सरकती दरड इतकी घसरली की ४३ व्या मैलापुढचा रस्ता बंद करावा लागला. तिथं पूल बांधायचं काम हाती घेतलं आहे. तारखा बदलतात, म्हणून बुकिंगआधी पार्कच्या संकेतस्थळावर पाहा. एजंटच्या जुन्या पत्रकात वंडर लेकचा, पाण्यात पर्वत उमटलेला फोटो असेल तर तो ८५ व्या मैलाचा आहे. तुमची बस तिथं जाते का ते लेखी विचारा.

बसचे दोन प्रकार. एक मार्गदर्शकासह फिरवून आणणारी. दुसरी साधी ट्रान्झिट बस, स्वस्त, हिच्यातून कुठंही उतरता येतं आणि जागा असेल तर मागून येणारीत चढता येतं. ताडोबात जिप्सीतून पाय खाली टाकता येत नाही, इथं सरळ चालत जाता येतं. गुडघ्यांमुळे तुम्हाला पहिली बरी. जाऊन-येऊन पाच तास धरा. प्रवेश माणशी १५ डॉलर वेगळा. आत खायला काही विकत मिळत नाही, पाणी आणि डबा बरोबर.

डेनाली पर्वताची उंची ६,१९० मीटर, पण तो स्वतःचे ढग बनवतो. उन्हाळ्यात साधारण तीनातल्या एका दिवशीच दिसतो. म्हणून डेनालीला एक रात्र ठेवणारं पॅकेज घेऊ नका, दोन तरी पाहिजेत.

अंतराचा नियम: अस्वलापासून ३०० यार्ड, मूस (भलंमोठं हरीण) आणि बाकी जनावरांपासून २५ यार्ड. तपकिरी अस्वल समोर आलं तर पळायचं नाही. मोठ्यानं पण शांतपणे बोलत मागं सरकायचं. मूस अंगावर आली तर उलट, पळून झाडाआड व्हायचं. मेच्या शेवटी मूसची पिल्लं नुकती जन्मलेली असतात आणि ती हॉटेलच्या वाहनतळावरही येते. अस्वलासाठीचा मिरचीचा फवारा विमानात चालत नाही, जहाजातही नाही. घ्यायचाच तर तिथं घेऊन तिथंच सोडायचा.

वर्धाकाठची_ताई

जेवण. जहाजात हाल होत नाहीत. मोठ्या जहाजांच्या स्वयंपाकघरात आपले लोक असतात. पहिल्या संध्याकाळी हॉलच्या प्रमुखाला सांगायचं की रोज डाळ-भात-भाजी हवी. आदल्या रात्री सांगितलं की दुसऱ्या दिवशी मिळते. अंडं चालतं की नाही हे वेगळं सांगा, त्यांच्या हिशेबी अंडं शाकाहारीच. हाल होतात ते डेनालीच्या लॉजमध्ये: बटाट्याचे काप, पास्ता, भाजीचा बर्गर, की पुन्हा बटाट्याचे काप. तिथं सीलबंद तयार पोहे-उपमा कामाला येतात. बहुतेक खोल्यांत कॉफीचं यंत्र असतं, नुसतं पाणी गरम करून घ्या. घरची विजेची किटली जहाजात नेता येत नाही, इस्त्रीही नाही. चढताना काढून घेतात.

संत्री एकही नको, भाऊ. ताजं फळ, भाजी, कढीपत्ता, बियाणं अमेरिकेत चालत नाही. न सांगता सापडलं तर ३०० डॉलरपर्यंत दंड. जहाजात घेतलेलं सफरचंदही बंदरावर नेता येत नाही. चिवडा, शेव, बेसनाचे लाडू, खाकरा सीलबंद पाकिटात न्या आणि सामानाच्या तपासणीत "खाद्यपदार्थ आहेत" असं स्वतःहून सांगा.

गाविलगड

पैशाचं दोन ओळींत. पॅकेजच्या रकमेवर टीसीएस (आधीच वसूल होणारा आयकर) घेतात, तो आयकर विवरणपत्रात वळता करता येतो, म्हणून पावती आणि पॅन बरोबर पाहिजे. जहाजात माणशी दररोज १६ ते २० डॉलर टिप आपोआप खात्यावर चढते, ती पत्रकातल्या भाड्यात नसते. फॉरेक्स कार्ड बरोबर असलं तरी हॉटेलच्या अनामत रकमेला क्रेडिट कार्ड लागतं. त्यावर परदेशी वापर बँकेकडून चालू करून घ्या.

विम्यात 'जहाजावरून हलवण्याचा खर्च' स्पष्ट लिहिलेला हवा आणि गुडघे, साखर, रक्तदाब सगळं आधीच जाहीर केलेलं हवं. लपवलं की दावा नाकारतात. गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासह, आणि हातातल्या पिशवीत. जमिनीच्या भागात मोठी बॅग ट्रकनं पुढं जाते आणि रात्रीच हाती लागते.

वरुड_बागायती

शेवटचा प्रश्न. व्हिटियरला उतरल्यावर डेनालीपर्यंत रेल्वेत कोणत्या बाजूला बसायचं?

धामणगाव_पॅसेंजर

जहाज कंपनीची गाडी असेल तर जागा ते देतात, पण मागता येते. अँकरेजच्या उत्तरेला पर्वत डावीकडे दिसतो, मुख्यतः टॉकीटना हे स्टेशन गेल्यानंतर. तोवर उजवीकडे बसलात तरी काही जात नाही. अलास्का रेल्वेरोडचं स्वतःचं तिकीट काढलं तर दोन वर्ग: साधा, किंवा काचेच्या छताचा वरचा मजला, ज्याच्या भाड्यात जेवण आणि बाहेरची उघडी गॅलरी येते. वर जायला आतून जिना आहे. गुडघ्यांसाठी लिफ्टची सोय असलेला डबा मिळतो, ती बुकिंगच्या वेळीच फोन करून मागावी लागते, संकेतस्थळावरच्या रकान्यावर भरवसा ठेवू नका. अँकरेज ते डेनाली साडेसात-आठ तास. त्यातला पर्वताचा भाग दुपारचा आहे, तेव्हा जेवण आधी उरकून घ्या.

वर्धाकाठची_ताई

आणि जेवणाच्या पाळीत दुसरी पाळी देऊन राहिले तर नाही म्हणा. ती नेमकी टॉकीटनानंतर येते.

वरुड_बागायती

हाव. पहिली पाळी, डावी बाजू, लिफ्टचा डबा. उद्या एजंटला हे सगळं लेखी विचारतो.